चारही चाकांत तेहतीस

चौकातल्या टायरच्या दुकानात गाडीपासून दोन हात लांब, अंग चोरून, तोंड दुसरीकडे फिरवून हवा भरणारा गृहस्थ दिसला की समजावं, हेच धसकेराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. कुठल्याही आईबापांनी पोटच्या पोराचं नाव असं ठेवलं नसतं. पण खरं नाव आता त्यांनाही सही करतानाच आठवतं. सगळ्या चौकाला ते धसकेराव, कारण माणसानं एका जन्मात घ्यावेत तेवढे धसके त्यांनी केव्हाच घेऊन टाकले होते, आणि तरीही रोज एखादा नवा सापडायचा.

जिना उतरायचा तर कठडा धरून. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परत. लेक लहान असताना तिच्या तीनचाकी सायकलीची चाकं ते रोज दाबून बघत. ती चाकं भरीव रबराची होती, त्यांत हवा नव्हतीच, पण त्यांना सांगणार कोण? बायको म्हणायची, "अहो, तुम्ही भ्यायचं थांबलात ना, तर मात्र मी भिईन." आणि चहा ठेवायला आत जायची.

बरं, ही भीती काही आभाळातून पडली नव्हती. काम शिकत होते तेव्हा एका ट्रकच्या चाकात हवा भरताना रिमवरची लोखंडी कडी निसटली. आवाज झाला, एवढंच त्यांना आठवतं. कडी दुकानाचा पत्रा फाडून पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन पडली. उस्ताद वाचले, पण त्यांचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. धसकेरावांच्या डाव्या कानात तेव्हापासून एक बारीक शिट्टी वाजत असते. डॉक्टर म्हणतात, कानाची नस दुखावली. हे म्हणतात, कुठेतरी हवा जातेय.

तर अशा माणसाच्या आयुष्यात पुढे केव्हातरी चाकांतली हवा मोजणारे सेन्सर आले. चौकातल्या बाकीच्या टायरवाल्यांनी नाकं मुरडली. आणखी एक नाजूक वस्तू, टायर उतरवताना पान्याचा धक्का लागला की मोडणार आणि बोल आपल्याला लागणार. धसकेराव मात्र चक्क प्रेमात पडले. चाकाच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी, अंगठ्याएवढा एक तुकडा बसवलेला असतो. त्यात छोटी बॅटरी. ती बदलता येत नाही, संपली की अख्खा तुकडाच टाकून द्यायचा. तो आतली हवा मोजतो, आत किती तापलंय ते मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवत राहतो. प्रत्येकाला आपापला नंबर असतो, त्यामुळे कोण बोलतंय ते गाडीला समजतं. हवा ठरल्यापेक्षा साधारण पाव हिश्श्यानं उतरली की स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत तर स्क्रीनवर चारही चाकांतल्या हवेच्या दाबाचे आकडे पौंडांत दिसतात.

"म्हणजे बघा," धसकेराव गिऱ्हाइकाला समजावत, "चारही चाकांत एकेक भित्रा माणूस बसवलाय. जरा खुट्ट झालं की ओरडतो."

"आणि हे पाचवे," गल्ल्यावरून त्यांचा मेहुणा म्हणायचा, आणि गिऱ्हाईक हसायचं.

काही गाड्यांत चाकात काहीच नसतं. तिथे ब्रेकपाशी चाकांचे फेरे मोजले जातात. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, लहान होतं, आणि बाकीच्यांच्या बरोबरीनं राहायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात; त्यावरून गाडी ओळखते. पण चारही चाकं एकसारखी बसली तर तिला पत्ताच लागत नाही. या जातीवर धसकेरावांचा विश्वास नव्हता. एकमेकांकडे बघून चालणाऱ्यांचं काही खरं नसतं, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी बऱ्याच गिऱ्हाइकांना न विचारता ऐकवलं होतं.

लेक मोठी झाली, डोंगरापलीकडच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच तिचं लग्न झालं. बापाचा स्वभाव तिला पाठ होता. कुठेही निघाली, कुणाच्याही गाडीतून निघाली, की आधी फोन करायची आणि स्क्रीनवरचे आकडे वाचून दाखवायची: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. वाटेत थांबली की पुन्हा. घरोघरी लोक "पोहोचलो" म्हणून कळवतात, या घरात "बत्तीस, तेहतीस, तेहतीस, चौतीस" असं कळवत. जावयाला सुरुवातीला वाटलं, बापलेकीची काहीतरी खूण आहे. कळलं तेव्हा तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. धसकेरावांनी लेकीला शिकवूनही ठेवलं होतं. चाक पळालं की तापतं, तापलं की आतली हवा फुगते. सकाळी तेहतीस असलेलं भर उन्हात छत्तीस-सदतीस व्हायचंच, त्यानं घाबरायचं नाही. आणि स्क्रीन बघितली तरी उतरून एकदा चाकांना हात लावायचा. हाताला बॅटरी लागत नाही.

आता मेहुण्याबद्दल सांगितलं पाहिजे. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गल्ला, बोलणं आणि गिऱ्हाइकांना खूश ठेवणं हे त्याचं खातं, चाकं धसकेरावांचं. भीती नावाचा अवयव देव त्याला द्यायचाच विसरला होता. माणूस वाईट नव्हता. आपल्या दुसऱ्या बहिणीच्या आजारपणात रात्रंदिवस राबला होता. पण कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एक शॉर्टकट तयार असायचा.

झालं असं की लोक हौसेनं मोठमोठ्या चकचकीत रिम बसवायला लागले. जुन्या चाकांतले सेन्सर त्या रिमना बसत नसत. सेन्सर नाहीत म्हटल्यावर पिवळा दिवा जो लागायचा तो कायमचाच. एवढ्या हौसेनं गाडी सजवायची आणि समोर दिवसभर तो दिवा डोळे वटारून बघत राहणार, हे कुणाला आवडेल? गिऱ्हाइकं कटकट करायला लागली. तेव्हा मेहुण्याला कुणाकडून तरी ती युक्ती कळली. युक्ती म्हणा की अवदसा म्हणा.

प्लास्टिकच्या जाड पाइपचा हातभर तुकडा घ्यायचा. जुन्या चाकांतले चारही सेन्सर काढून त्यात टाकायचे. दोन्ही तोंडं झाकणं लावून बंद करायची, एका झाकणाला व्हॉल्व्ह बसवायचा आणि आत तेहतीस हवा भरायची. मग तो पाइप डिकीत स्टेपनीखाली ठेवून द्यायचा. काही गाड्यांचे सेन्सर चाक फिरलं नाही की झोपी जातात, त्यांना हे चालत नाही. पण जे उभ्या गाडीतही बोलत राहतात, ते बिचारे त्या पाइपात पडल्या पडल्या, आपण चाकातच आहोत अशा समजुतीनं, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे, म्हणून कळवत राहतात. दिवा विझतो. मेहुण्यानं त्या पाइपाला नाव ठेवलं होतं पाळणा. "निजवा चौघांना," असं तो आतल्या बाजूला ओरडायचा.

पहिल्या वेळी धसकेराव हात बांधून उभे राहिले. "अरे, चाकातली हवा गेली तरी गाडीला कळणार नाही."

"गिऱ्हाइकाला माहीत आहे ना? तो हातानं बघेल."

"आणि त्यानं गाडी विकली तर?"

"तर विकताना सांगेल."

"नाही सांगितलं तर?"

"भाऊजी," मेहुणा गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारत म्हणाला, "तुमचं 'तर' काही संपत नाही बुवा."

गिऱ्हाईक हसलं. शेजारच्या दुकानातला बॅटरीवाला हसला. धसकेरावांच्या सगळ्या भीत्यांमध्ये एक भीती अशी होती की जिच्याबद्दल ते कधी बोलत नसत: आपल्याला हसतात याची. त्या भीतीपुढे बाकीच्या सगळ्या झक मारत. त्यांनी मुकाट्यानं पाइप कापायला घेतला.

आणि हात मुळातच नीटनेटका, त्याला काय करणार? पांढरा पाइप, पितळी व्हॉल्व्ह, झाकणांना आतून-बाहेरून दोनदा सोल्युशन. वर पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडा येतो का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. त्यांच्या हातचा पाळणा कधी गळला नाही. खोटं कशाला बोला, त्याचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा होता. असे किती केले, ते दोघांपैकी कुणीच मोजलं नाही. गाड्या आल्या, दिवे विझवून निघून गेल्या.

यंदा जावयानं गाडी घेतली. दुसऱ्या हातची, पण दिसायला नवीकोरी. स्वतःच्या गाडीतून पहिल्यांदाच सासुरवाडीला यायचं म्हणून त्याची कोण घाई! नात नुकती चालायला लागली होती, तिच्यासाठी मागच्या सीटवर छोटी खुर्ची बसवून घेतली होती. लेकीनं लालचुटूक गाडीचा फोटो पाठवला. धसकेरावांनी तो मोठा करून आधी चाकंच बघितली. काळ्याभोर, रुंद, चकाकणाऱ्या रिम. पोटात एक बारीक कळ आली. "रिम नंतर घातलेल्या दिसतात," ते बायकोला म्हणाले. पण त्यांच्या पोटात कशानं कळ येत नसे? दूधवाला उशिरा आला तरी यायची. त्यामुळे तिनंही लक्ष दिलं नाही आणि त्यांनी स्वतःही.

सकाळी निघताना फोन आला. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस.

"वा!" धसकेराव म्हणाले. "कुणीतरी मन लावून भरलेली दिसते." दुकानात जाऊन त्यांनी ही गोष्ट मेहुण्याला सांगितली, बॅटरीवाल्यालाही सांगितली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दुसरा फोन आला. ते एका गाडीखाली जॅक लावत होते. फोन खांद्यावर धरून त्यांनी कान लावला. लेक म्हणाली, "बाबा, घाटाच्या माथ्यावर आलोय. चहा झाला, आता उतरायला लागतो. ऐका. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस."

धसकेरावांचा हात थांबला. "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. तेच.

"ऊन आहे का तिकडे?"

"ऊन? नुसती भट्टी आहे. का हो?" मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "मला मघापासून गाडी वळणावर मागून डुलल्यासारखी वाटतेय. पण हे म्हणतात, तुला तुझ्या बाबांचं लागलंय. स्क्रीनवर तर सगळं बरोबर आहे."

जगातल्या कुठल्याही बापाला हे ऐकून बरं वाटलं असतं. धसकेराव मात्र तिथेच जमिनीवर बसले. एवढ्या उन्हात, एवढा रस्ता तुडवून, चढ चढून आलेल्या गाडीचं एकही चाक एका आकड्यानंसुद्धा फुगलेलं नाही? एखाद्याचा सेन्सर बिघडेल. चौघांचा नाही बिघडत. चौघांचा आकडा सकाळ-दुपार एकच राहील अशी जगात एकच जागा त्यांना माहीत होती, आणि ती स्टेपनीखाली असते. म्हणजे चाकांत काय आहे हे त्या गाडीला माहीतच नव्हतं. मागचं एखादं चाक बसत चाललं होतं, बसलेलं चाक रस्त्यावर मळल्यासारखं दुमडतं, दुमडून दुमडून तापतं, आणि मग घाटाच्या उतारावर, वळणावर, वेगात... पुढचा आवाज त्यांनी एकदा ऐकला होता.

"उभी करा!" ते ओरडले. "गाडी उभी करा! एक चाकसुद्धा हलवू नका!"

मेहुणा गल्ल्यावरून उठून आला, शेजारचा बॅटरीवालाही धावत आला. पलीकडे लेकीनं फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण जावयाचा हसरा आवाज आला. "बाबा, आम्ही निघालोसुद्धा. मागच्या खेपेला तुम्ही आम्हाला बस थांबवायला लावली होती, आठवतं ना? सीटखाली पाण्याची बाटली गडगडत होती. खाली पोहोचलो की गाडी तुमच्याच ताब्यात देतो. मग खुशाल दाबत बसा."

"अरे, तुझ्या चाकांत सेन्सरच नाहीत! ते पाइपात आहेत, डिकीत!"

"पाइपात?" जावई आता खळखळून हसला. "गाडीचे सेन्सर पाइपात कोण ठेवेल हो बाबा? आणि इथे बसून तुम्हाला कसं माहीत?"

साधा प्रश्न होता. उत्तर तर आणखी साधं होतं. मी ठेवतो. दोन शब्द. समोर मेहुणा उभा, बॅटरीवाला उभा, फोनवर जावई, शेजारी लेक. धसकेरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, तोवर फोनमध्ये खरखर झाली आणि तो बंद पडला. घाटात रेंज नसते.

मग त्यांनी फोन लावला, लावला, लावतच राहिले. प्रत्येक वेळी तीच बाई, तेच वाक्य. मेहुण्यानं दुकानाच्या व्हॅनची किल्ली घेतली आणि म्हणाला, "बसा."

घाटाचा रस्ता शहर संपताच लागतो. एरवी मेहुणा गाडी चालवताना गाणं म्हणतो, हात बाहेर काढून लोकांना हाका मारतो. त्या दिवशी त्याच्या तोंडाचा पट्टा बंद होता. पहिल्या दोन वळणांनंतर तो पुढे बघतच म्हणाला, "काळ्या रिमचा एक आला होता आपल्याकडे."

धसकेरावांनी पुन्हा एकदा फोन लावून बघितला.

"पण त्याची गाडी पांढरी होती."

"रंग बदलता येतो."

"आपली नसेल भाऊजी." हे म्हणताना त्याचा आवाज कापला. इतक्या वर्षांत धसकेरावांनी तो कापताना ऐकला नव्हता, आणि त्यानं त्यांना धीर येण्याऐवजी त्यांचा उरलासुरला धीरही सुटला. न भिणारा माणूस भ्यायला लागला म्हणजे प्रकरण खरंच आहे.

खाली येणारी प्रत्येक गाडी ते बघत होते. लाल नाही. ही लाल आहे, पण लांबडी. ही नाही. त्यांच्या मनात हिशोब चालला होता: माथ्यावरून ते निघाले, आपण खालून निघालो, एव्हाना समोर यायला हवे होते. यायलाच हवे होते. कठडा तुटलेला दिसला की ते डोळे मिटत आणि लगेच उघडत, कारण मिटल्यावर जास्त दिसायचं. त्यांना नातीची छोटी खुर्ची दिसायची. ती मागे होती. बसलेलं चाकही मागे होतं.

एका ठिकाणी रस्त्यावर फाटलेल्या टायरचा काळा पट्टा पडला होता. "थांब, थांब!" व्हॅन पुरती थांबायच्या आत ते उतरले आणि पट्ट्यावर हात ठेवला. ट्रकचा होता, जुना, धुळीनं माखलेला. तरी त्यांनी तो उचलून, उलटा करून, पुन्हा बघितला. मेहुण्याला त्यांना दंडाला धरून आत बसवावं लागलं.

त्याच्यापुढच्या वळणावर माणसं जमली होती. दहा-बारा जण कठड्याला रेलून खाली दरीत बघत होते. कुणीतरी बोट दाखवत होतं.

धसकेरावांना उतरवेना. त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, दार उघडलं आणि तो गर्दीकडे चालत गेला. तो कठड्याशी पोहोचला, वाकला, कुणाशी तरी बोलला. काच बंद होती, काही ऐकू येत नव्हतं. डाव्या कानात फक्त ती शिट्टी. मेहुणा परत येऊन गाडीत बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"टोपी," तो म्हणाला. "कुणाची तरी टोपी उडाली खाली."

धसकेराव हसले नाहीत, रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. मेहुण्यानं गाडी सुरू केली.

आणि आणखी चार वळणं वर गेल्यावर, जिथे रस्ता जरासा रुंद होतो, तिथे लाल गाडी उभी होती. चारही चाकांवर. लेक दगडावर बसली होती, नात तिच्या मांडीवर बिस्किट चोखत होती, आणि जावई कमरेवर हात ठेवून मागच्या डाव्या चाकासमोर असा उभा होता, जणू ते चाक नसून एखादं जनावर आहे.

धसकेराव व्हॅनमधून उतरले. त्यांनी आधी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, मग लेकीच्या.

"मी म्हटलं, मला उलटी येतेय," लेक म्हणाली. "भांडून हे थांबले नसते. नवी गाडी ना, सीट खराब होईल म्हणून लगेच थांबवली." तिनं नातीचं तोंड पुसलं. "बाबा, तुम्ही ओरडत होता तोपर्यंत मला काही वाटलं नाही. तुम्ही नेहमीच ओरडता. पण ह्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत, आणि तुम्ही गप्प झालात. तुम्ही भ्यालात की कधी गप्प बसत नाही. तेव्हा मात्र मी उलटीचं निमित्त केलं. उतरून चाकांना हात लावला." तिनं तळहात पुढे केला. तो लाल झाला होता.

मागचं डावं चाक रिमवर बसायला आलं होतं. बाजूचं रबर खवल्यासारखं सुटलं होतं आणि आतले धागे दिसत होते. अजूनही त्याच्यापाशी उभं राहिलं तर करपल्याचा वास येत होता. धसकेरावांनी ते बघितलं आणि पुढच्या वळणाकडे बघितलं. तिथे कठडा नव्हता. जावयानंही त्यांच्यामागोमाग तिकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

"स्क्रीनवर अजून तेहतीस आहे बाबा," तो हळूच म्हणाला. "हे असं चाक, आणि तिथे तेहतीस."

डिकी उघडली. सामान काढलं, गालिचा उचलला, स्टेपनी बाजूला घेतली. खाली पाइप होता. जावयानं तो दोन्ही हातांनी उचलून हलवला. आत चार तुकडे खुळखुळले. दगडावरून नातीनं तो आवाज ऐकला आणि खेळणं समजून हात पुढे केला.

"कोण असेल हो हा माणूस?" जावई म्हणाला. "हे करताना त्याच्या मनात एकदाही आलं नसेल का, की मागे एखादं लेकरू बसेल?"

मेहुण्यानं पुढे होऊन पाइप जवळजवळ हिसकावूनच घेतला. उजेडात धरला, फिरवला, झाकणं बघितली. मग धसकेरावांना कोपरानं ढोसत, व्हॅनच्या आडोशाला ओढत घेऊन गेला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"आपला नाही, भाऊजी! बघा की. राखाडी पाइप, रबरी व्हॉल्व्ह. आणि सोल्युशन बघा कसं थापलंय बेंगरूळ. हा आणखी चार महिन्यांत गळलाच असता, आणि मग दिवा लागला असता. आपला नाही हा. आपले कधी गळत नाहीत."

धसकेरावांनी पाइप हातात घेतला. खरंच त्यांचा नव्हता. क्षणभर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी मेहुण्याचं शेवटचं वाक्य त्यांना पुरतं ऐकू आलं. आपले गळत नाहीत. आपल्या गाड्यांना दिवा लागणारच नाही. पुढच्या वर्षीही नाही, चाक फाटेपर्यंत नाही. मागून एक गाडी घाट उतरत आली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. आत माणसं होती, काचेला नाक लावलेली पोरं होती. या सगळ्यांना वडील असतील, आणि आकडे ऐकून ते "वा!" म्हणत असतील.

"आपला नाही ना," धसकेराव म्हणाले. "मग आपले पाळणे कुठे आहेत?"

मेहुण्यानं घाट उतरणाऱ्या गाड्यांकडे बघितलं.

"सांग ना. आपले कुठे आहेत?"

लेक हाक मारत होती, स्टेपनी बसवायला पाना कुठे आहे म्हणून विचारत होती. धसकेराव गाड्यांची चाकं बघत रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले.